जमिनीला घसारा नसतो

घसारा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ज्याचं अर्धं आयुष्य झिजलेले ब्रेक-लायनर, झिजलेली बेअरिंगं आणि झिजलेल्या क्लचप्लेटा बदलण्यात गेलं, त्याला झीज काय समजावून सांगायची? पण कल्याणच्या कर-सल्लागाराने मला जेव्हा सांगितलं की कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं मशीन, जॅक ही यंत्रं दरवर्षी झिजतात आणि त्या झिजेचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो, तेव्हा मला सरकारबद्दल एकदम आपुलकी वाटली. कोणीतरी दिल्लीत बसून आपल्या कॉम्प्रेसरचा विचार केलाय, असं वाटलं.

"कॉम्प्रेसर कितीला घेतलात?" त्याने विचारलं.

मी आकडा सांगितला.

"बिल?"

बिल कुठलं? भिवंडीतलं एक गॅरेज बंद पडत होतं, त्याच्या मालकाकडून जुना उचललेला. मालकाने वर दोन पाने आणि एक चहा फुकट दिला होता.

"मग कॉम्प्रेसर नाही," असं म्हणून त्याने वहीत फुली मारली.

"नाही कसा? सकाळी चालू करून आलोय."

"तुमच्या शेडमध्ये आहे, शेठ. कागदावर नाही."

हे वाक्य पुढे वर्षभर मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायला लागलं.

माझं गॅरेज तेव्हा मुरबाडला होतं, म्हसा रस्त्याला. काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटाचा. कल्याणपर्यंत धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा, भाजीचे टेम्पो आणि अधूनमधून एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गाड्या, एवढं माझं गिऱ्हाईक. त्यातल्या एका कंपनीने सांगितलं, आमच्या सगळ्या टेम्पोंचं काम तुम्हालाच देतो, पण डेंटिंग-पेंटिंगची सोय करा. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर हवा, वर पत्र्याची बंदिस्त खोली हवी. त्यासाठी कर्ज हवं. आणि कर्जासाठी बँकेच्या साहेबाला आयकराचे मागचे रिटर्न हवे होते. मी आयुष्यात एकही भरला नव्हता. अशा रीतीने मी कल्याणला पोचलो.

तिथे पहिल्याच दिवशी माझी पंचाईत झाली. बँकेला उत्पन्न जास्त दिसायला हवं होतं, म्हणजे कर्ज मिळेल. सरकारला ते कमी दिसायला हवं होतं, म्हणजे कर कमी लागेल. आणि कागद दोघांसाठी एकच. मी सल्लागाराला ही अडचण सांगितली तर तो म्हणाला, "खरं काय आहे ते सांगा, मग बघू." माझं खरं असं होतं की करमाफीच्या मर्यादेच्या जरासं वर मी कमवत होतो. खर्च नीट वजा झाले असते तर कर नावापुरता लागला असता. पण खर्च नीट वजा होण्यासाठी खर्च कागदावर हवेत. आमच्या धंद्यात कागद म्हणजे हात पुसायची वस्तू.

सुट्या भागांचं घ्या. कल्याणच्या दुकानात काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारायचा, "पक्कं की कच्चं?" पक्कं म्हणजे छापील बिल, त्यावर विक्रीकर. कच्चं म्हणजे सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला आकडा. आम्ही सगळे गॅरेजवाले वर्षानुवर्षं कच्चंच म्हणत आलो. तो कर बुडतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि मी दर वेळी कच्चंच म्हणत होतो. आता सल्लागार म्हणाला, कच्चं ते खर्चात धरता येत नाही. म्हणजे तिथे जे चार पैसे वाचवले ते इथे सव्याज गेले. यात तक्रार करायला मला तोंड नव्हतं, तरी मी केली.

मजुरीचं घ्या. माझा मुख्य कारागीर सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावचा. गॅरेज उघडलं त्या दिवसापासून माझ्याबरोबर. त्याच्यापुढे मी व्हाउचर ठेवलं, वर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला, आणि म्हटलं, पगाराची सही कर. त्याने रॉकेलने हात धुतले, फडक्याला पुसले आणि कागद उलटासुलटा करून बघितला.

"शेठ, माज्या नावावर कर्ज काढताव काय?"

"अरे, पगार घेतलास म्हणून सही."

"पगार तं दर म्हयन्याला घेतो. आजपावेतो सही नाय लागली. आता काय झाला?"

अर्धा तास समजावल्यावर तो तयार झाला, पण एका अटीवर. "तुमी पन सही करा ह्याच्यावर. म्हंजे अडकलो तं दोघं अडकू." मी केली. सल्लागाराने ती बघून कपाळाला हात लावला. पगार देणाऱ्याने पगार घेतल्याची सही केलेलं व्हाउचर त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

एक गोष्ट मात्र बिनतक्रार मान्य झाली. बायकोच्या मामेभावाने गळ्यात मारलेली विम्याची पॉलिसी. तिच्या हप्त्यावर करातून थेट सूट होती, आणि हप्त्याच्या पावत्या बायकोने देवघरात जपून ठेवलेल्या. माझ्या सगळ्या आयुष्यातला पावतीसकट केलेला एकच खर्च निघाला, आणि तो माझ्या मरणासाठीचा होता.

"शेड कोणाची?" सल्लागाराने शेवटी विचारलं.

"पत्रे माझे. जमीन दुसऱ्याची."

"शेडला घसारा मिळेल. बिल असलं तर." तो माझ्याकडे न बघताच म्हणाला. "जमिनीला नाही मिळत. स्वतःची असती तरी नाही. जमीन झिजत नाही, शेठ. भाडं देता?"

देत होतो. आणि वर्षाचं मिळून ते माझ्या सगळ्या खर्चात सर्वांत मोठं होतं. सल्लागाराचे डोळे चमकले. हे एक भाडं जरी धरता आलं, तरी तुमचा प्रश्न सुटला, म्हणाला.

"पावत्या आणा."

*

त्या भाड्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जमीन होती शेजारच्या भातगिरणीवाल्यांची. मी त्यांना काका म्हणायचो. गिरणी आणि रस्ता यांच्यामधला तो तुकडा पडीक नव्हता, पावसाळ्यात तिथे भात व्हायचं. मी मुरबाडात जागा शोधत फिरत होतो तेव्हा त्यांच्या गिरणीचं इंजिन बंद पडलं होतं आणि बाहेर भाताच्या गोण्यांची रांग लागली होती. मी नोझल साफ करून इंजिन चालू करून दिलं. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवून बोलावलं आणि म्हणाले, "हितंच टाक तुझा दुकान. इंजिन बिघडला की तुला शोधाया कुठं जाऊ?" नारळ फोडला, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, झालं. पहिली काही वर्षं भाडं म्हणजे भातकापणीनंतर इंजिनची सगळी दुरुस्ती. पुढे माझं बरं चाललं तेव्हा मीच होऊन महिन्याला पैसे द्यायला लागलो. दर महिन्याच्या एका बाजाराच्या दिवशी नोटांची घडी त्यांच्या हातात ठेवायची. ते ती न मोजता टोपीत सरकवायचे.

एका भंगारातल्या जीपचं मागचं सीट मी करंजाच्या झाडाखाली टाकलं होतं. काका रोज दुपारी तिथे येऊन बसत आणि माझ्या गिऱ्हाइकांवर शेरे मारत. "गाडीला काय पन नाय झाला. ह्यालाच चालवाया येत नाय." गिऱ्हाईक हसायचं, आणि बहुतेक वेळा काकांचं खरं असायचं. माझे वडील मी लहान असताना गेले. करंजाखालच्या त्या माणसाला मी मनात काय म्हणत होतो, ते कधी मोठ्याने म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट. गाड्यांमधलं जळकं ऑइल आम्ही शेडमागच्या खड्ड्यात ओतायचो. सगळीच गॅरेजं तेव्हा तसंच करायची. खड्डा भरला की शेजारी दुसरा. काकांनी कधी हटकलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

*

पावत्या आणा म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं, हे बायकोने मला नंतर सांगितलं. नंतर सांगून उपयोग नव्हता.

मी काय केलं ते असं. मुरबाडच्या बाजारातून छापील पावतीपुस्तक घेतलं. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं, त्याचा अभिमान अजून गेला नव्हता. वर्षाच्या सगळ्या महिन्यांच्या पावत्या एका बैठकीत लिहून काढल्या. 'गॅरेजच्या जागेचे भाडे रोख मिळाले.' प्रत्येकीवर स्टॅम्प चिकटवला. फक्त सहीची जागा रिकामी ठेवली. कल्याणला दुसऱ्या दिवशी जायचं होतं म्हणून घाईघाईने तसाच गिरणीवर गेलो.

दिवाळी होऊन गेली होती. गिरणीचा भर हंगाम. आत कोंड्याचा धुरळा, दारात गोण्या, गोण्यांवर माणसं बसलेली. इंजिन असं चालत होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. ते मीच महिन्यापूर्वी बांधून दिलं होतं. काका पट्ट्यापाशी उभे होते. मी पुस्तक वर धरून ओरडलो,

"काका, भाड्याच्या पावत्या! सही पायजे! सगळ्या वर्षाच्या!"

काकांनी कानाला हात लावला. मी आणखी मोठ्याने ओरडलो.

त्यांनी पुढे होऊन दांडी ओढली. इंजिन धडधडत थांबलं. इतकी शांतता झाली की बाहेर रस्त्यावरच्या सायकलची साखळी ऐकू आली.

"काय बोललास?"

आता मला हळू बोलता येत होतं, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. गोणीवर बसलेला एकजण म्हणाला, "मिस्त्री, नुसती पावती कशाला? सातबाराच घेऊन या. काकांचा अंगठा लगेच घेऊ." माणसं हसली. मीही हसलो. काका हसले नाहीत.

त्यांनी हात धोतराला पुसले, पुस्तक घेतलं आणि एकेक पान उलटून बघितलं.

"सगली एकदम?"

"वर्षाच्या आहेत काका. आयकरासाठी. भाडं खर्चात धरता येतं, पावती असली तर. तुम्हाला काही लागत नाही त्यात."

"मना काय लागत नाय?"

"नाही."

"मंग मना माझी गोष्ट सांगू दे," काका म्हणाले, आणि सगळ्यांसमोर सांगितली. आवाज चढवला नाही. त्यांची सगळी जमीन, गिरणीखालची, माझ्या शेडखालची, ही मुळात कल्याणच्या एका मालकाची. काकांचे वडील ती कसायचे आणि दर वर्षी खंडाचं भात मालकाच्या दारात नेऊन टाकायचे. मालक कधी कागद द्यायचा नाही, वडील कधी मागायचे नाहीत. एका वर्षी मालक आजारी होता. गोण्या त्याच्या मुलाने मोजून घेतल्या. मुलगा शिकलेला, नीटनेटका. त्याने आपण होऊन पावती लिहून दिली. मालकाला कळल्यावर तो बिछान्यातून उठून गाडी करून आला. तेव्हा काकांच्या वडिलांनी त्याच्या पायाला हात लावून शपथ घेतली, जमीन तुमची ती तुमचीच.

"बापानं शपथ घेतली," काका म्हणाले. "आन बाप गेल्यावर ती पावती घेऊन मामलेदार कचेरीत मी गेलो. सही कराया पन तितंच शिकलो."



"मी तशी शपथ घेतो काका," मी म्हटलं. "मला तुमची जमीन नको. देवाशपथ."

"आमी पन शपथच घेतलेली रे."

त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "म्हसाची जत्रा झाली का जागा मोकली कर." आणि इंजिनचं चाक फिरवायला वाकले.

*

मी कल्याणला गेलोच. मूर्खासारखा. सल्लागाराला सगळं सांगितलं. तो हसला. "कूळकायदा शेतीला असतो हो. गॅरेजला कसलं कूळ?"

"सातबाऱ्यावर ती शेतीच आहे."

"बिनशेती केली नाही?"

"नाही."

त्याचं हसू गेलं. "मग तुमचे काका शहाणे आहेत," तो म्हणाला. "पावती दिली तर तलाठी त्यांच्या दारात येईल, शेतात धंदा कसा चालवता म्हणून. पण तुमचं भाडं मी धरू शकत नाही, हे सांगून ठेवतो. कोणाची तरी सही घेऊन येता का? बरेच आणतात."

हे मी मान्य करतो की परतीच्या एसटीत मी त्याचा विचार केला. टिटवाळ्याच्या फाट्यापासून मुरबाडपर्यंत केला. मग घरी येऊन पुस्तक बायकोच्या चुलीत घातलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्या पावत्यांनी आणखी काय काय जाईल याची भीती वाटली, एवढंच.

बायको ते जळताना बघत होती. "अवो, सगळ्या वर्षाच्या पावत्या घेऊन कोन जातं?" ती म्हणाली. "एक न्यायची. ती पन घरात, चा पिता पिता, काकी असताना. आदी काकीच्या कानावर घालायचं. भर गिरणीत, भर माणसांत! तुमी काय वसुलीला गेलेलात?"

"कल्याणच्या साहेबाला दुसऱ्याच दिवशी पाहिजे होत्या."

"मंग साहेबाकडं जाऊन ऱ्हावा आता."

दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे गेली. काकूंनी तिला चहा दिला, डोक्यात माळायला अबोली दिली आणि म्हणाल्या, मला काय पण बोलू नको गो, म्हातारा जेवत नाय. मीही दोनदा गेलो. पावती नको, जळून गेली, पुन्हा कधी मागणार नाही, असं म्हणालो. काका रागावलेले नव्हते. तेच मला सहन होत नव्हतं. ते म्हणाले, "तू मागनार नाय. म्हायती हाय मना. पन तुझा पोरगा मागंल, नायतर माझा नातू तुझ्या पोराला बोलंल, बाप मागत हुता तुझा. आता त्यो शब्द निघाला त्यो निघाला."

माझ्या बाजूने कोणता युक्तिवाद होता? मला कर वाचवायचा होता. खरं तर कर वाचवायचाही नव्हता, कर्ज काढायचं होतं. त्यासाठी भाडं दिल्याचं सिद्ध करायचं होतं, आणि ते भाडं ज्याला मिळत होतं त्याला ते सिद्ध व्हायला नको होतं. यात कोण चूक, हे आजही मला कोणी समजावून सांगावं.

पौषातल्या जत्रेच्या आधी गिरणीचं इंजिन बंद पडलं. मी शेडमध्ये होतो. त्याचा ठोका माझ्या कानात इतका बसलेला की तो थांबल्यावर हातातला पाना आपोआप खाली गेला. मी हात धुतले आणि वाट बघत बसलो. निरोप येईल, नक्की येईल. दुपारी सरळगावहून एक मेकॅनिक मोटारसायकलवरून आला आणि थेट गिरणीत शिरला. संध्याकाळी इंजिन चालू झालं. त्याने टायमिंग चुकीचं बांधलं होतं, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. मी काहीच केलं नाही.

जत्रा झाली. आम्ही पत्रे उतरवले, खांब काढले, खड्ड्यांवर माती ओढली. करंजाखालचं सीट मी तिथेच ठेवलं. सल्लागाराला फोन केला तर तो म्हणाला, "शेड मोडली? चला, तो तोटा धरता येईल. उभारणीचं बिल आहे का?"

मी फोन ठेवला.

*

शहापूरला आसनगाव स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर मला एक गाळा मिळाला. अकरा महिन्यांचा करारनामा, स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, दर महिन्याला मालकाचा माणूस स्वतः पावती घेऊन यायचा. सगळं भाडं खर्चात धरलं गेलं. सगळे सुटे भाग मी पक्क्या बिलाने घेऊ लागलो. कारागिराला रोज मुरबाडहून येणं शक्य नव्हतं, म्हणून तो सुटला. त्याच्या जागी आलेला मुलगा व्हाउचरवर न वाचता सही करायचा. सल्लागार खूश होता.

आणि कर्ज? बँकेचा साहेब म्हणाला, तुम्ही जागा बदललीत, आता या जागेवरचे रिटर्न दाखवा. मुरबाडच्या कंपनीने टेम्पो दुसऱ्याला दिले, कारण मी मुरबाडात नव्हतो. ज्या कामासाठी कर्ज, ज्या कर्जासाठी रिटर्न, ज्या रिटर्नसाठी पावत्या, ते कामच राहिलं नाही. पहिल्या पूर्ण वर्षाचा हिशोब झाल्यावर मी सल्लागाराला विचारलं, भाडं धरल्यामुळे कर किती वाचला? त्याने कॅल्क्युलेटर फिरवून माझ्यापुढे धरला. एका जीपची क्लचप्लेट आली असती. बसवणावळ सोडून.

वर्षं गेली. जीपा कमी झाल्या, घराघरांत मोटारसायकली आल्या. मग भारनियमनाचे दिवस आले. दिवसातले निम्मे तास वीज नाही. अशाच एका सकाळी गाळ्यासमोर रिक्षा थांबली आणि खांद्यावर गोणपाट घेऊन काका उतरले. मुरबाडहून किन्हवलीमार्गे एसटीने आलेले. वाळून गेले होते. मी खुर्ची पुढे केली.

"बसाया नाय आलो," असं म्हणून ते बसले. गोणपाटातून डिझेल इंजिनचा पंप निघाला. "नातवानं इजेची मशीन बसवली, कर्ज काढून. आता इजच नाय. जुना इंजिन चालू करावा तं पंप बसला. सरलगावला दोघांनी खोलला, दोघांना बांधाया नाय आला."

मी पंप खोलला. दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली. काका बघत बसले. मध्येच एका मोटारसायकलवाल्याकडे बघून म्हणाले, "गाडीला काय पन नाय झाला ह्याच्या." मी वर बघितलं नाही. डोळ्यांत आलेलं त्यांना दिसू नये म्हणून.

पंप बांधून झाला. काकांनी कमरेची पिशवी काढली.

"काका, तुमच्याकडून पैसे?"

"घे. आन बिल दे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"बिल दे मना. नातू हिशोब भरतो आता, त्या कर्जापायी. त्याचा साहेब बोलला, बिल नाय तं खर्च नाय." ते जरा थांबले. "तवा तू मागत हुतास ती हीच ना भानगड?"

"हीच."

"लय वंगाळ भानगड हाय."

"हो काका."

मी बिलबुक काढलं. पैसे न घेता बिल फाडलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि ते काकांनी माझ्याआधी ओळखलं. "पैसं घेतल्याबिगर लिहू नको," ते म्हणाले. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या इंजिनच्या कामाचे पैसे घेतले. त्यांना वजावट मिळावी म्हणून. सही केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली, घडी घातली आणि टोपीत सरकवली.

रिक्षापर्यंत पोचवताना मी विचारलं, "जागेत कोण आहे आता?"

"कोन नाय. नातवानं भात लावला, नाय आला. वाल टाकला, त्यो पन जलला." ते रागाने बोलत नव्हते. पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. "तुझा आइल मुरलाय खाली."

मी रस्त्यात उभा राहिलो. सल्लागाराच्या टेबलापलीकडून आलेलं ते वाक्य मला आठवलं, जमीन झिजत नाही, शेठ.

"काका, मी माती बदलून देतो. वरची काढतो, चांगली आणून टाकतो. माझ्या खर्चाने."

काका रिक्षात चढले, पंप मांडीवर घेतला. "टाक," म्हणाले. "पन पावती मागशील तं बघ."

त्या उन्हाळ्यात मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. काळी पडलेली माती उकरून काढली, तळ्यातला गाळ आणून टाकला. करंजाखालचं सीट तिथेच होतं, फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. त्यावर बसून काका ट्रॅक्टरवाल्याला सूचना देत होते आणि त्याला ट्रॅक्टर चालवता येत नाही असं मला सांगत होते. पहिल्या वर्षी भात पिवळं पडलं. दुसऱ्या वर्षी कडेकडेने आलं, मध्ये नाही. जिथे मोठा खड्डा होता तिथे अजून काही नाही. काका म्हणतात, येल. मी दर उन्हाळ्यात एक ट्रॉली माती नेतो. मार्चमध्ये सल्लागार विचारतो, आणखी काही खर्च राहिला का, आणि मी नाही म्हणतो.